गांधार वगळलेली गिटार

१९७७ साली इंग्लंडमध्ये 'अ मेड इन बेडलम' नावाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. वादकवृंदाचे नाव 'जॉन रेनबोर्न ग्रुप'. गिटार स्वतः रेनबोर्न यांची, गायन जॅकी मक्शी यांचे, बासरीच्या कुळातली वाद्ये टोनी रॉबर्ट्स यांची, व्हायोलिन स्यू ड्राहाइम यांचे. आणि तबल्यावर केशव साठे. इंग्लंड-आयर्लंडची लोकगीते आणि काही शतकांपूर्वीच्या युरोपीय नाचांच्या चाली वाजवणाऱ्या या मंडळींत मुंबईत जन्मलेल्या एका मराठी तबलजीचे काय काम होते?

साठच्या दशकात पाश्चात्त्य संगीतात सतार-तबल्याची लाट आली होती. त्यामुळे 'फॅशन' हे उत्तर चटकन सुचते, पण ते पुरेसे नाही. १९७७ पर्यंत ती लाट ओसरली होती आणि साठे त्यानंतरही या गटात राहिले. १९८० च्या 'द एन्चान्टेड गार्डन'मध्येही त्यांचा तबला आहे. मला वाटते, या प्रश्नाचे खरे उत्तर चालीच्या घडणीत आहे, आणि ते समजून घेतले तर आपल्याकडच्या ओव्या, नमने आणि जाखडीची गाणी यांच्याविषयीही काही हाती लागते.

आधी साठ्यांविषयी थोडेसे. ते लंडनमध्ये स्थायिक झाले होते. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले रचनाकार जॉन मेयर यांची 'इंडो-जाझ सूट' ही ध्वनिमुद्रिका १९६६ साली आली. तीत सतार दिवाण मोतीहार यांची, तबला साठ्यांचा आणि तंबोरा चंद्रहास पैगणकर यांचा. पुढे १९७२ मध्ये 'मॅजिक कार्पेट' या गटाबरोबर त्यांनी क्लेम आल्फर्ड यांच्या सतारीला साथ केली. म्हणजे रेनबोर्न यांच्याकडे येण्यापूर्वी परक्या संगीताला साथ करण्याचा दहा-बारा वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आपल्या संगीतविषयक लेखनात मात्र त्यांचे नाव क्वचितच भेटते.

आता रेनबोर्न. १९४४ साली जन्मलेला हा माणूस 'पेन्टँगल' या गटामुळे प्रसिद्ध झाला. त्या गटाच्या १९६९ च्या 'बास्केट ऑफ लाइट'मध्ये त्याने सतारही वाजवली आहे. पण त्याचा जीव रमला तो जुन्या चालींत. १९७० च्या 'द लेडी अँड द युनिकॉर्न'मध्ये त्याने सॉल्टारेल्लो, ट्रोट्टो, 'लामेन्तो दि त्रिस्तानो' असे इटालियन नाच गिटारवर वाजवले. हे नाच ज्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आले, ते साधारण १४०० च्या सुमाराचे आहे आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात या चाली एकेरी लिहिलेल्या आहेत. फक्त स्वरांची एक ओळ. कोणत्या वाद्यावर वाजवायचे, साथीला काय, ठेका कोणता, याचा उल्लेख नाही. आपल्याकडच्या जुन्या वहीत चीज लिहून ठेवलेली असावी आणि तंबोरा-तबल्याचा उल्लेख नसावा, तशी ही स्थिती आहे. साथ सर्वांना ठाऊकच होती, म्हणून ती कुणी लिहिली नाही.

मग गिटारवाल्याने या एकेरी ओळीखाली काय ठेवायचे? गिटार शिकवताना पहिल्या दिवसापासून कॉर्ड शिकवतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे, ठरावीक अंतरावरचे स्वर. सर्वांत साधी कॉर्ड म्हणजे सा-ग-प. तिचा स्वभाव ठरतो गांधारावर. गांधार शुद्ध असेल तर ती 'मेजर', कोमल असेल तर 'मायनर'. गाणे पुढे सरकते तशा कॉर्ड बदलतात आणि त्यांच्याबरोबर चालीखालची जमीनही सरकते. षड्ज तोच गायचा, पण खालची कॉर्ड मध्यमावर नेली की तोच षड्ज कानाला पंचमासारखा लागतो. पाश्चात्त्य संगीताच्या गेल्या चार शतकांतले वैभव या सरकत्या जमिनीवर उभे आहे. त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

पण १४०० च्या सुमाराच्या चाली त्या जमिनीवर घडलेल्या नाहीत. मध्ययुगीन युरोपात पूर्ण संवादी मानत ते सप्तक, पंचम आणि मध्यम यांची अंतरे. गांधाराचे स्थान दुय्यम होते. चाली निरनिराळ्या स्वरसप्तकांत असत, ज्यांना तिकडे 'मोड' म्हणतात. त्यातला 'डोरियन' म्हणजे आपला काफी थाट, 'मिक्सोलिडियन' म्हणजे खमाज. अशा चालीचा अर्थ प्रत्येक स्वर षड्जापासून किती दूर आहे यावर ठरतो. त्यासाठी षड्ज जागेवरून हलता कामा नये. युरोपात हे काम मशकवाद्याची अखंड गुंजणारी नळी करी. आपल्याकडे तंबोरा, एकतारी आणि तुणतुणे करतात.

तेव्हा जुन्या चाली गिटारवर आणायच्या तर गिटारलाच थोडे बदलावे लागले. याची एक गाजलेली युक्ती डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाच्या नावे आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मोरोक्कोत गेला. तिथल्या ऊद या तंतुवाद्याशी गिटार जुळावी म्हणून त्याने तारा वेगळ्या मिळवल्या. नेहमीच्या गिटारच्या तारा जाडीपासून बारीकीकडे अशा असतात: ई, ए, डी, जी, बी, ई. ग्रॅहमने पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवली. झाले डी, ए, डी, जी, ए, डी. डी हा षड्ज धरला तर सुट्या तारांवर ऐकू येते: सा, प, सा, म, प, सा. गांधार नाहीच. सहाही तारा एकदम छेडल्या तरी ती 'मेजर' नाही आणि 'मायनर'ही नाही. गांधार चालीला हवा तेव्हाच, हवा तो, बोटाने दाबून घ्यायचा. रेनबोर्नसह त्या पिढीच्या अनेक वादकांनी अशा निरनिराळ्या मिळवण्या वापरल्या. प्रत्येकीमागचा हेतू जवळपास सारखा होता: सुट्या तारांनी जमीन धरून ठेवावी आणि बोटांनी चाल मोकळी फिरावी.

इथे साठ्यांच्या तबल्याचे उत्तर मिळू लागते. जुन्या युरोपीय नाचांना तालवाद्य लागतच असे. १५८९ साली फ्रान्समध्ये छापलेल्या तुआनो आर्बो यांच्या नृत्यावरील ग्रंथात एका प्रसिद्ध पावान नाचाची चाल दिली आहे आणि तिच्याखाली ढोलाचा ठेकाही छापला आहे. 'द एन्चान्टेड गार्डन'मध्ये तीच पावान आहे. पण ढोल सुरात मिळवलेला नसतो. तबला मिळवलेला असतो. उजव्या हाताचा तबला बहुधा षड्जात लावतात, त्यामुळे प्रत्येक 'ना' आणि 'तिं'बरोबर षड्ज पुन्हा कानावर येतो. तबलजी ताल धरतो आणि आधारस्वरही जागता ठेवतो. आधारस्वरावर उभ्या असलेल्या चालीला याहून सोयीचे तालवाद्य कोणते? माझ्या मते, साठे त्या वृंदात परके वाटत नाहीत याचे हे मुख्य कारण आहे.

हेच दुहेरी काम आपल्याकडे तुणतुणे करते. शाहिराच्या मागे उभा असलेला तुणतुणेवाला एकच तार शाहिराच्या षड्जात लावून लयीत टिचकावत राहतो. 'आपलेच तुणतुणे वाजवणे' हा वाक्प्रचार आपण कंटाळवाण्या माणसासाठी वापरतो. पण तो एक स्वर थांबला तर पोवाड्याच्या उंच फेकी टांगायच्या कशाला? जात्यावरच्या ओवीलाही अशीच साथ आहे. जात्याची घरघर म्हणजे काटेकोर षड्ज नव्हे, पण ती न तुटणारी आहे, आणि जात्याचा फेरा हाच ओवीचा ठेका. गी पॉतवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. संगीताचे संगणकीय विश्लेषण करणारे बर्नार्ड बेल नंतर त्यांना येऊन मिळाले. तो संग्रह आज 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्याकडे ऐकायला मिळतो. ऐकताना ध्यानात येते की पुष्कळ ओव्यांची चाल चार-पाच स्वरांच्या आतच फिरते. एवढ्या लहान अंगणात चालीचा सगळा जीव त्या स्वरांच्या षड्जाशी असलेल्या नात्यात असतो.

आमच्या वेळणेश्वरला आणि एकूणच गुहागरच्या पट्ट्यात शिमग्याला नमन-खेळे आणि गणपतीत जाखडी असते. मृदंग, झांज आणि पायातले चाळ ही त्यांची मूळ साथ. आता अनेक मंडळांत कीबोर्ड आला आहे. नव्या वाद्यावर माझा राग नाही; गिटारही एके काळी नवीच होती. प्रश्न कीबोर्डच्या एका सोयीचा आहे. डाव्या हाताने एक पट्टी दाबली की यंत्र आपोआप सबंध कॉर्ड देते, ठेक्यासकट. ज्या गवळणीत गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागत होता, तिथे यंत्राने शुद्ध गांधार आधीच ठोकलेला असतो. गाणारा नकळत तिकडे ओढला जातो. दोन-तीन वर्षांनी नवी पोरे तीच चाल 'मेजर'मध्ये शिकतात. शब्द तेच, नाच तोच, पण चाल दुसरीच झालेली. आणि जुनी चाल कागदावर नसल्यामुळे काय गेले हे दाखवताही येत नाही.

यावर उपाय सांगण्याइतका मी संगीततज्ज्ञ नाही. गिटार मी पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांच्याच आधारे शिकलो. पण एक प्रयोग कुणालाही करता येईल. गिटारच्या वर सांगितलेल्या तीन तारा उतरवाव्यात. गाणाऱ्या बाईच्या आवाजाला षड्ज खाली पडत असेल तर दांड्यावर कॅपो लावून वर न्यावा. अंगठ्याने सहावी, पाचवी आणि चौथी तार आलटून पालटून छेडत राहावे: सा, प, सा. चाल चौथ्या तारेपासून वर बांधावी. चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर रिषभ, तिसऱ्यावर कोमल गांधार, चौथ्यावर शुद्ध गांधार, आणि मध्यमाला तिसरी तार सुटी. बहुतेक ओव्या एवढ्यात मावतात. कॉर्ड एकही धरू नये.

या प्रयोगाच्या मर्यादाही आहेत. गिटारचे पडदे पक्के असतात. तार बाजूला ओढून स्वर चढवता येतो, पण पडद्याच्या खाली उतरवता येत नाही. म्हणून मधला गांधार हवा असेल तर कोमल गांधाराच्या पडद्यावरून तार किंचित ओढून वर जावे. शुद्धावरून खाली येण्याची वाट नाही. रागसंगीताच्या मिंडेसाठी ब्रिजभूषण काब्रा यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर पोलादी कांडी फिरवली; १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकलेल्यांना तो नाद आठवत असेल. ओवीला सहसा एवढ्या मिंडेची गरज पडत नाही. तिला गरज आहे ती स्थिर जमिनीची.

इंग्लंडच्या वादकांना हस्तलिखितातल्या एकेरी ओळीवरून साथीचा अंदाज बांधावा लागला, कारण ती चाल गाणारे कधीच संपले होते. आपल्याकडे अजून तसे झालेले नाही. जात्यावर गायिलेल्या आजी कित्येक घरांत आहेत, नमनाचे जुने मृदंगी आहेत. त्यांना गायला सांगताना कीबोर्ड बंद ठेवावा, मोबाइलवर तंबोरा लावावा किंवा नुसता मृदंग चालू द्यावा, आणि गांधार ते कुठे लावतात ते आधी नीट ऐकून ध्वनिमुद्रित करावे. साथ कोणती द्यायची ते त्यानंतर ठरवता येईल.