यीस्ट, उंदीर आणि मावशीचा मेंदू

पेशीला दुभंगायला लावणारा स्विच सापडला तो यीस्टमध्ये. त्याच स्विचचं एक भावंड मेंदूत बिघडलं की काय होतं, याचा छडा लावण्यात ली-ह्वे त्साय या शास्त्रज्ञ बाईंनी तीसेक वर्षं घातली. अल्झायमरने ज्यांच्या घरात पाऊल टाकलंय, त्यांनी तर वाचाच...

वीकेण्डला पिझ्झा हाणताना त्याचा बेस फुगवणाऱ्या यीस्टचा विचार कुणी करतं का? किंवा बिअरचा पहिला घोट घेताना? नाही ना! मीही कधी केला नव्हता, आणि मी तर बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलेली. यीस्टची स्लाइड लावायची, गोल गोल पेशी काढायच्या, एखादीला कळी फुटलेली दाखवायची, जर्नलवर मॅडमची सही घ्यायची आणि कॅण्टीन गाठायचं. आमचा संबंध एवढाच.

मग मावशीला अल्झायमर असल्याचं निदान झालं. वय एकाहत्तर. बँकेत नोकरी केलेली, अख्ख्या खानदानाचे फोन नंबर तोंडपाठ असणारी बाई. आता कुकरची शिट्टी झाली की दचकून विचारते, ‘हा कसला गं आवाज?’ माझा मावसभाऊ हिंजवडीत आयटीत आहे. एकदा रात्री साडेबाराला त्याने मला एक लिंक पाठवली. सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा दिवा! खाली मेसेज : ‘मेंदूची सूज उतरते म्हणे. एमआयटीचं संशोधन आहे. घेऊ का? फ्लॅटच्या ईएमआयएवढी किंमत आहे.’

आता घरात विज्ञानाची डिग्री असलेली मी एकटीच, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. दिव्याच्या मागे कोण आहे ते शोधायला बसले आणि पोचले थेट यीस्टपाशी.

डस्टबिनमधली प्लेट

गोष्ट सत्तरच्या दशकातली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरातली. पॉल नर्स नावाचा एक तरुण (नर्स हे आडनाव बरं का, पेशा नाही!) तिथे यीस्टवर काम करत होता. याआधी पठ्ठ्या गिनेसच्या ब्रूअरीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होता. कारण शाळेच्या परीक्षेत फ्रेंचने पुन्हा पुन्हा दगा दिला आणि युनिव्हर्सिटीत प्रवेश अडला. त्याचं यीस्ट आपल्या पावातलं नव्हे. हे ‘पोम्बे’. स्वाहिलीत पोम्बे म्हणजे बिअर, आणि पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमध्येच ते पहिल्यांदा सापडलेलं. या यीस्टला कळ्या फुटत नाहीत. पेशी काडीसारखी लांब वाढते आणि मधोमध दुभंगते.

नर्सला काही यीस्ट अशी सापडली, जी पुरती वाढायच्या आतच दुभंगत होती. त्यांना त्याने नाव दिलं ‘वी’, म्हणजे स्कॉटिश बोलीत इवलंसं. विचार सरळ होता : घाईघाईने दुभंगणाऱ्या पेशीत विभाजनाचं टायमिंग ठरवणाराच जीन बिघडला असणार. त्याने अशी डझनावारी इवली यीस्ट जमवली आणि सगळ्यांत बिघाड एकाच जीनमध्ये! जाम कंटाळवाणं काम. त्यात एका प्लेटवर बुरशी चढली. नर्सने ती कचऱ्यात टाकली, घरी गेला, खाऊनपिऊन झालं, पण मन काही लागेना. शेवटी भर पावसात सायकल हाणत चढ चढून तो लॅबमध्ये परत आला आणि ती प्लेट डस्टबिनमधून उचलली.

त्या प्लेटवरच्या यीस्टमध्ये वेगळा जीन बिघडलेला निघाला. त्याचं नाव सीडीसी-२. हा जीन बंद पडला तर पेशी दुभंगतच नाही, हे आधीच माहीत होतं. इथे तोच जीन जरा बदलला होता आणि पेशी वेळेआधीच दुभंगत होती. म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सापडला!

पुढे १९८७ मध्ये नर्सच्या लंडनमधल्या लॅबमध्ये मेलनी ली यांनी सॉलिड धाडस केलं. सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाच्या डीएनएचे तुकडे सोडले आणि वाट पाहिली. एका तुकड्याने यीस्टला पुन्हा दुभंगायला लावलं. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी आपली आणि यीस्टची वाट वेगळी झाली, तरी किल्ली तीच! २००१ चं नोबेल नर्स, लीलंड हार्टवेल आणि टिम हंट यांना मिळालं. हंटनी शोधलेलं सायक्लिन हे या स्विचचं पार्टनर प्रोटीन. ते जोडीला आल्याशिवाय स्विच चालू होत नाही. म्हणून या एन्झाइमांच्या खानदानाचं नाव सायक्लिन-डिपेण्डण्ट किनेज, शॉर्टमध्ये सीडीके.

भरती बंद, तरी एचआर हजर

इथे त्साय यांची एण्ट्री होते. मूळच्या तैवानच्या. आधी जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण, मग अमेरिकेत मॉलिक्युलर बायॉलॉजी. लहानपणी एकदा त्या आजीबरोबर पावसात अडकल्या आणि आजीला अचानक घरचा रस्ताच आठवेना, असं त्यांनी सांगितलेलं आहे. पण मेंदूकडे त्या काही ठरवून वळल्या नाहीत. त्या होत्या कॅन्सरवर काम करणाऱ्या एड हार्लो यांच्या लॅबमध्ये. कॅन्सर म्हणजे बेलगाम विभाजन, त्यामुळे तिथे सीडीकेच्या एकेका भावंडाची झडती चालू होती. त्साय यांच्या वाट्याला सीडीके-५ आला. हा कुठल्या अवयवात काम करतो हे त्यांनी उंदरांत तपासलं, तर उत्तर आलं : मेंदूत.

आता गंमत बघा. मेंदूतले न्यूरॉन एकदा तयार झाले की दुभंगत नाहीत. ज्या डिपार्टमेण्टमध्ये भरती कायमची बंद आहे, तिथे एचआरचा माणूस रोज हजेरी लावून करतो काय? १९९४ मध्ये त्साय आणि सहकाऱ्यांनी त्याचा पार्टनर शोधला, पी-३५. आणि कामही कळलं. सीडीके-५ न्यूरॉनला त्याच्या जागेवर नेऊन बसवतो. पी-३५ नसलेल्या उंदरांत मेंदूच्या बाहेरच्या भागातले थर उलटेपालटे झाले आणि त्यांना फिट्स येऊ लागल्या.

खरं टेन्शन पुढे आहे. न्यूरॉनवर ताण आला की कॅल्पेन नावाचं एन्झाइम पी-३५ ला कापतं. उरतो पी-२५ नावाचा तुकडा. पी-३५ पेशीच्या पडद्याला बांधलेला असतो आणि काम झालं की लवकर मोडीत निघतो. पी-२५ मात्र मोकाट फिरतो आणि टिकतोही जास्त, त्यामुळे सीडीके-५ चालूच राहतो. अल्झायमरच्या पेशण्टच्या मेंदूत पी-२५ साठलेला दिसतो, हे त्साय यांच्या लॅबने १९९९ मध्ये मांडलं. दुसऱ्या काही लॅबना तसं दिसलं नाही आणि त्यावरून वादही झाले. मग त्साय यांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या खाण्यातलं एक अँटिबायोटिक बंद केलं की मेंदूत पी-२५ बनायला लागतं. काही आठवड्यांत त्यांचे न्यूरॉन मरायला लागले.

मरण्याआधी त्या न्यूरॉनमध्ये काय घडत होतं? २००८ च्या त्यांच्या पेपरमधला तो भाग मी दोनदा वाचला. एरवी कुलूपबंद असलेले पेशी-विभाजनाचे जीन जागे होत होते आणि डीएनएचे दोन्ही धागे तुटत होते. ज्या पेशीने जन्मात दुभंगायचं नाही, ती दुभंगायची तयारी करत होती. यीस्टचं भूतच म्हणा ना!

आणि सूज? डॉक्टरी भाषेत दाह. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या राखणदारही आणि झाडूवालेही. २०१७ मध्ये त्साय यांच्या टीमने याच उंदरांतल्या मायक्रोग्लिया एकेक सुट्या करून तपासल्या. सुरुवातीला त्या स्वतःच भराभर दुभंगत होत्या, नंतर त्यांनी रोगाशी लढतानाचा अवतार धारण केला. २०२२ मध्ये आणखी एक दुवा जुळला. डीएनए तुटलेले न्यूरॉन स्वतःच रसायनं सोडून मायक्रोग्लियांना बोलावतात. ते बोलावणं थोपवलं तर मायक्रोग्लियांचा धुमाकूळ कमी होतो. म्हणजे निदान या उंदरांत तरी दाह बाहेरून आलेला नव्हता. आतल्याच आजारी पेशींनी हाका मारल्या होत्या. ‘अँटि-इन्फ्लमेटरी’ असं डब्यावर छापून खपवल्या जाणाऱ्या पावडरींकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच बघते.

मग तो दिवा?

दिवाही याच बाईंच्या लॅबमधला. २०१६ मध्ये त्यांनी उंदरांना सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा प्रकाश तासभर दाखवला. मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात अल्झायमरशी जोडलेलं अमिलॉइड प्रोटीन जवळपास निम्म्याने उतरलं आणि मायक्रोग्लिया ते गिळताना दिसल्या. पण दिवसभरात पातळी पुन्हा पूर्ववत झाली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या लॅबने हाच प्रयोग करून पाहिला, तर अमिलॉइडवर तसा परिणाम दिसला नाही. शिवाय या तंत्रावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या संस्थापकांत त्साय स्वतः आहेत. त्याने संशोधन खोटं ठरत नाही, पण खिशात हात घालण्याआधी ते माहीत असलेलं बरं.

मावसभावाला मी स्पष्ट सांगितलं, हा दिवा घेऊ नकोस. लॅबमधलं यंत्र वेगळं आणि ऑनलाइन विकला जाणारा दिवा वेगळा. फिट्सचा त्रास असणाऱ्यांना तर लुकलुकणारा प्रकाश धोक्याचा ठरू शकतो. ‘मग मी करू काय?’ असा त्याचा मेसेज आला. प्रश्नचिन्हही नव्हतं. मी त्याला २००७ चा प्रयोग सांगितला. तोच पी-२५ वाला उंदीर, न्यूरॉन आधीच गमावलेला. त्याला खेळणी, पळायला चाक आणि चार सोबती असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं, तर त्याला नवं शिकता आलं आणि पुसली गेल्यासारखी वाटणारी जुनी आठवणही परत आली. मावशी म्हणजे उंदीर नव्हे, हेही सांगितलं.

त्याने मावशीला बँकेतल्या मैत्रिणींच्या भिशीला पुन्हा न्यायला सुरुवात केली. तिला एकीचंही नाव धड आठवत नाही. पण नोटांचा गठ्ठा हातात दिला की अंगठ्याला पाणी लावते आणि भराभर मोजते. आकडा बरोबर येतो. रक्तातलं बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड आणि कानांची तपासणी न्यूरॉलॉजिस्टने करून घेतली. कानाचं मशीन लागलंय.

आणि त्या सीडीके-५ चं काय, तर त्याला लगाम घालण्याची अडचण मजेशीर आहे. खानदानातली सगळी भावंडं दिसायला इतकी सारखी की एकाला अडवायला जावं तर औषध दुसऱ्याचाही गळा धरतं. त्यातून साइड इफेक्ट. अमेरिकेच्या एनआयएचमधले भारतीय वंशाचे हरीश पंत यांनी पार्टनर प्रोटीनचाच छोटा तुकडा घेऊन हा गुंता सोडवायचा प्रयत्न बरीच वर्षं केला. २०२३ मध्ये त्साय यांच्या टीमने सीडीके-५ च्याच एका भागावरून बेतलेला, जेमतेम बारा अमिनो आम्लांचा पेप्टाइड उंदरांना दिला. डीएनएची मोडतोड कमी झाली, दाह उतरला, न्यूरॉन कमी मेले. त्यांनी सीडीके-१ सुद्धा तपासला, म्हणजे नर्सच्या सीडीसी-२ चा माणसातला अवतार. पेप्टाइडने त्याला हातही लावला नव्हता.