नमुना-मोटारी : जपाव्या की मोडाव्या?

नवी मोटार बाजारात येण्यापूर्वी कारखान्यात तिचे थोडे नमुने घडविले जातात. इंजिन कोठे बसवावे, ते थंड कसे राखावे, वळणावर गाडी स्थिर कशी राहील, या प्रश्नांची उत्तरे त्या नमुन्यांवर शोधली जातात. उत्तरे मिळाली की विक्रीच्या गाड्या तयार होऊ लागतात. मागे उरलेल्या नमुन्याचे काय करावयाचे? वेगवान स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण त्यांचे नमुने मोजके आणि चाहते पुष्कळ.

नमुने मोडणाऱ्या कारखानदारांची बाजू सर्वस्वी अवाजवी नाही. नमुना ही अपुरी गाडी असते. रस्त्यावरील सुरक्षिततेचे नियम ती पाळीलच असे नाही. ती परक्याच्या हाती जाऊन अपघात झाला, तर भरपाईचा दावा कारखान्यावर येऊ शकतो. शिवाय जागा आणि निगा यांचा खर्च असतोच.

अमेरिकेत 2014 साली याच कारणांवरून वाद झाला. क्रायस्लर कंपनीने डॉज वायपर या मोटारीच्या काही आरंभीच्या गाड्या तंत्रशिक्षणासाठी महाविद्यालयांना दिल्या होत्या. त्या नष्ट कराव्या, असा आदेश तिने काढला. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथील एका महाविद्यालयाच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी गाडी वाचविण्यासाठी विनवणी केली. गरज संपल्यावर गाडी मोडावी, ही देणगीची अटच आहे आणि या गाड्यांना ऐतिहासिक मोल नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. करार तिच्या बाजूचा होता, हे मान्य करावे लागते. परंतु ऐतिहासिक मोल नाही, हे आजच कोणी ठरवावे?

या प्रश्नाचे उत्तर इटलीतील एका उदाहरणात सापडते. लॅम्बोर्गिनी कंपनीने 1971 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात काउंटाश एलपी 500 हा पिवळा नमुना मांडला. मार्चेल्लो गांदिनी याने बेर्तोने या संस्थेत त्याची आकृती रेखिली होती. पुढे 1974 साली विक्रीच्या मान्यतेसाठी आवश्यक असलेली धडक-चाचणी इंग्लंडमध्ये मोटार उद्योग संशोधन संस्थेच्या मैदानावर झाली, आणि तीत हाच नमुना खर्ची पडला. चाचणी आवश्यक होती; त्यासाठी कंपनीस दोष देता येत नाही. पण पुढे एका संग्राहकाने तशीच गाडी मागितली, तेव्हा जुनी छायाचित्रे, आकृत्या व कागदपत्रे धुंडाळून ती पुन्हा घडवावी लागली. पिरेली कंपनीने त्या काळचे टायरही नव्याने तयार केले. 2021 साली गाडी पुरी झाली, ती 25,000 हून अधिक तासांच्या श्रमांनंतर. इतके करूनही ती प्रतिकृतीच ठरली.

त्याच मैदानावर 1971 साली जग्वार कंपनीच्या एक्सजे 13 या गाडीला चित्रीकरणाच्या वेळी भीषण अपघात झाला. ले मान्सच्या शर्यतीसाठी 1966 साली सिद्ध झालेली ही एकमेव गाडी एकाही शर्यतीत उतरली नव्हती. तरीही तिचे अवशेष भंगारात गेले नाहीत; काही वर्षांनी ती पुन्हा उभी करण्यात आली. बारा सिलिंडरांच्या इंजिनाचा जग्वारमधील आरंभ कसा झाला, हे आज ती गाडीच सांगू शकते.

म्हणून प्रत्येक नमुना जपावा, असा हट्ट व्यवहार्य नाही. मात्र प्रत्येक प्रकारचा निदान एक तरी राखावा. इंजिन निकामी करून तो संग्रहालयात ठेवल्यास रस्त्यावरील अपघाताचे भय उरत नाही. जो मोडणे अटळ आहे, त्याची मापे, छायाचित्रे व आकृत्या आधी नोंदवून ठेवाव्या. आणि शिक्षणासाठी गाडी देताना, ती पुढे मोडावयाची की संग्रहालयाकडे सोपवावयाची, हे कराराच्या वेळीच ठरवावे. विद्यार्थी गणिताची पक्की वही जपतो आणि कच्ची टाकून देतो. पण उत्तर कसे सुचले, ते कच्च्या वहीतच दिसते.