पावसात पुढचा ब्रेक लावावा की नाही?

पावसात पुढचा ब्रेक अजिबात लावू नको, हा सल्ला नव्या बाइकवाल्याला घरोघरी मिळतो. तो चुकीचा आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि पकडही तिथेच वाढते. नुसता मागचा ब्रेक दाबला, तर हलकं झालेलं मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जाते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा, पण दाब हळूहळू वाढवत आणि गाडी सरळ असताना.

कोरड्या डांबरावर ताशी ५० किलोमीटर वेगातली बाइक ब्रेक लागल्यावर सुमारे १५ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर अंतर दुप्पट. सर्वांत दगाबाज असतो पहिल्या पावसाचा अर्धा तास: सांडलेलं ऑइल, धूळ आणि रबराची भुकटी पाण्यात मिसळून त्यांचा बुळबुळीत थर बसतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं तर पावसाळाभर निसरडी.

१२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही. गुळगुळीत टायरला पकड मात्र देत नाही.

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. मागे कुणी नाही हे बघून हलका ब्रेक धरत थोडं अंतर चालवा, लायनर सुकतात. डिस्कचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला. गॅरेजवाला आपणहून क्वचितच सांगतो, तुम्हीच विचारा.