फोटोतला डोंगर, पायाखालचा डोंगर

डोंगराचा नाव नसलेला फोटो ट्रेकर मंडळींच्या हाती पडला, की ‘ओळखा पाहू’चा खेळ सुरू होतो. माचीवरची सरळसोट भिंत आणि तिला पडलेली खाच दिसली की धोडप. आत वळलेला अर्धगोल कडा दिसला की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. दोन काळ्या कातळभिंतींमधली चिंचोळी घळ असली की साम्रदची सांदण दरी. नाव पटकन सापडते आणि लगेच पुढचा प्रश्न येतो : वर जायची वाट कुठून, दोर लागेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फोटोत असते. दुसऱ्याचे उत्तरही त्यातच शोधणे मात्र जिवावर बेतू शकते.

ठिकाण ओळखता येते ते खडकामुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा कातळ तयार झाला. घट्ट बेसॉल्टच्या थरांचे उभे कडे उरले. मधले मऊ, सच्छिद्र थर झिजून गवताळ पदर झाले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात आणि जुन्या वाटाही पदरावरून आडव्या जाऊन एखाद्या नाळेतून वर चढतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील घळी वालुकाश्मातल्या. त्यांच्या भिंती नारिंगी, लाटांसारख्या गुळगुळीत. सावलीही मदत करते. हिवाळ्यात दुपारी ती उत्तरेकडे पडते. कोकणाकडे तोंड केलेल्या कड्यावर थेट ऊन असेल, तर फोटो दुपारनंतरचा.

खरी फसगत होते ती उताराच्या बाबतीत. माणसाचा डोळा मुळातच उतार वाढवून सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अवघ्या ५ अंशांची चढण लोकांना सुमारे २० अंशांची वाटली. थकलेल्यांना ती आणखीच उभी वाटली. कॅमेरा यात स्वतःची भर घालतो. समोरून टिपलेली ४५ अंशांची घसरणही भिंतीसारखी दिसते, तर पायथ्याशी उभे राहून, मोबाइल वर करून टिपलेला कडा बुटका दिसतो. मोबाइल जरा तिरका धरला तरी उतार बदलतो. उताराचा खरा कोन दिसतो तो फक्त बाजूने घेतलेल्या फोटोत. त्यातही सरळ वाढलेले झाड किंवा लोंबणारा दोर ओळंब्यासारखा वापरून फोटो तिरका नाही ना, हे आधी पाहावे.

नकाशा हाताशी असला तरी सावध राहायला हवे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. म्हणजे १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. उपग्रहचित्र वरून घेतलेले असते. त्यात उभा कडा एखाद्या रेघेएवढाच उरतो.

काही गोष्टी तर कोणत्याच चित्रात येत नाहीत. हाताला लागलेला दगड पक्का आहे की हलतो, मुरमाड घसाऱ्यावर बूट टिकेल का, कातळावर शेवाळ आहे का, हे तिथे गेल्यावरच कळते. घळीच्या फोटोत तर पाणी कुठून येणार, हेच दिसत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात ११ जणांचा मृत्यू झाला. तो जोराचा पाऊस घळीवर नव्हे, काही मैल वरच्या बाजूला पडला होता.

शेवटचा हिशेब शरीराचा. फोटो पाहून ‘जमेल’ असे वाटते ते बहुधा चढण डोळ्यांपुढे ठेवून. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली, नजरेआड जाते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलतात. त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होते, गुडघे लटपटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. अशा पायांवर दृष्टिभय असलेला टप्पा उतरणे हीच खरी कसोटी. म्हणून हातापायांची चढाई करताना साधा नियम पाळावा : दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम कातळावर पक्के हवेत. जो टप्पा दोराविना उतरता येण्याची खात्री नाही, तो दोराविना चढू नये.

फोटो बघून ठिकाण ओळखण्याचा खेळ जरूर खेळावा. त्याने नजर तयार होते. पण वाट विचारायची ती पायथ्याच्या गावात. गेल्या पावसाळ्यात कुठे दरड कोसळली, कुठली नाळ दगडांनी भरली, पाणी कुठवर टिकते, हे तिथल्या गुराख्याला ठाऊक असते. फोटो कितीही स्वच्छ असला, तरी तो टिपल्या दिवसाचाच असतो.