गोचीड: अंगावरची आणि गोठ्यातली

पाऊस सरत आला, की गाईच्या कासेजवळ, मांडीत, कानामागे व शेपटीखाली हात फिरवून पाहावे. एरंडाच्या बियांसारख्या टपोऱ्या गोचिडी हाताला लागतील. 2018 साली जात म्हणून नोंद झालेली आपली कोकण कपिला तशी काटक. पण संकरित गाय गोचीडतापाने हां हां म्हणता आडवी होते.

रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याच्या सांधी तिला आयत्याच मिळतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा गुरांवर चढतात व सुमारे तीन आठवड्यांत टपोरी होतात. म्हणून नुसती गाय धुऊन भागत नाही.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचविलेला काढा घरी होतो. लसणीच्या 10 पाकळ्या, वेखंड 10 ग्रॅम, हळद 20 ग्रॅम, लिंबोळ्या मूठभर आणि कडुनिंब, तुळस व टणटणी (घाणेरी) यांचा मूठ-मूठ पाला बारीक वाटावा. एक लिटर पाण्यात कालवून फडक्याने गाळावे. कडक ऊन असताना जनावराच्या अंगावर फवारावे किंवा फडक्याने पुसून घ्यावे. डोळे सांभाळावेत. अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसके बांधावे. कडुनिंब आपल्याकडे घाटावरइतका नाही, पण म्हणून कडू दिसतो तो पाला घेऊ नये. काजरा तर विषारीच. टणटणी पोटात गेल्यास गुरांना कावीळ होते, तेव्हा चोथा खड्ड्यात पुरावा.

दुसऱ्या दिवशी गोचिडी तशाच दिसल्या म्हणून निराश होऊ नये. कडुनिंबाने गोचीड तडकाफडकी मरत नाही. तिची वाढ व अंडी घालणे मंदावते. दर आठवड्याला फवारणी करावी, गोचिडी दिसेनाशा होईपर्यंत. त्याच दिवशी गोठ्याच्या सांधीकोपऱ्यांतही काढा मारावा, नंतर सांधी लिंपून बुजवाव्यात. केरकचरा दूर नेऊन जाळावा.

बाजारातले औषध लागलेच, तर पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे व दूध किती दिवस वापरायचे नाही तेही विचारावे. त्यानंतर गुरे व्हाळात धुऊ नयेत. यातली बरीच औषधे मासळीला घातक असतात. ताप, तांबडी लघवी किंवा गळ्याच्या गाठी सुजलेल्या दिसल्या, तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माकडतापाची गोष्ट वेगळी. 2016 पासून दोडामार्ग व पुढे बांदा भागात तो माणसांना झाला. तो पसरविणारी गोचीड रानातली आहे. डिसेंबर ते मे या काळात काजूच्या बागेत पातेरा गोळा करायला जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावावे आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत.