सज्ञान, प्रौढ आणि मतदार : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात मतदानवयाचा इतिहास

व्यक्ती वयात आली हे सांगण्यासाठी मराठी कायदेभाषेत ‘सज्ञान’ आणि ‘प्रौढ’ असे दोन शब्द रूढ आहेत. सामान्य व्यवहारात ते समानार्थक समजले जातात. तथापि १९५० ते १९८९ या काळात त्यांच्यामध्ये तीन वर्षांचे अंतर होते. मतदानाचे वय खाली आणण्याचा भारतातील इतिहास हा एका अर्थी हे अंतर मिटण्याचा इतिहास होय.

१८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय सामान्यतः १८ ठरविले. त्याहून लहान खातेदार हा ‘अज्ञान’; सातबाराच्या उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी अक्षरे घालून पालकाचे नाव लिहिले जाते. अठरावे सरले की हा खातेदार स्वतःच्या सहीने जमीन विकू शकतो. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने मात्र लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुका ‘प्रौढ मताधिकारा’च्या तत्त्वावर व्हाव्यात असे सांगून त्यासाठी २१ वर्षांची अट घातली. हा आकडा इंग्रजी विधिपरंपरेतून आलेला असून १९२८ च्या नेहरू अहवालातही तोच होता. जमीन विकण्यास जो पुरेसा जाणता, तो आमदार निवडण्यास तीन वर्षे अपुरा, अशी ही विसंगती होती.

आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता २१ वर्षांचा मताधिकार हीच मुळात फार मोठी झेप होती. हा प्रदेश तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण इत्यादी अटींनी जखडलेला होता. शिवाय अक्राणी महाल, नवापूर पेठा आणि मेहवासी संस्थानिकांची गावे ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ म्हणून सामान्य कारभाराबाहेर ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ मध्ये सायमन आयोगाच्या कामाच्या निमित्ताने सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. ती सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत पोचली ती संविधानानेच.

वयाची चर्चा नंदुरबारात करताना शिरीषकुमार मेहता याचे स्मरण टाळता येत नाही. २८ डिसेंबर १९२६ रोजी जन्मलेला हा मुलगा ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात हुतात्मा झाला. तेव्हा त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तत्कालीन कायद्याने तो अज्ञान होता आणि आजच्याही कायद्याने तो मतदार ठरला नसता. राजकीय जाण आणि कायद्याचे वय यांचा संबंध किती सैल असतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण या जिल्ह्यात तरी नाही.

ब्रिटनने १९६९ मध्ये आणि अमेरिकेने १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ केले. अमेरिकेत सक्तीने व्हिएतनामच्या रणांगणावर धाडल्या जाणाऱ्या तरुणांचा प्रश्न त्यामागे होता. भारतात तसा तीव्र लढा झाला नाही. काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी १८ वर्षांची मर्यादा आधीच स्वीकारली होती. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने आणलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट टिपावी : अनुच्छेदातील ‘प्रौढ’ हा शब्द तसाच राहिला, केवळ अंक बदलला. (पुरुषाच्या विवाहाचे वय मात्र २१ च राहिले.) त्याच वर्षाच्या निवडणुकीत तरुणांना मत देणाऱ्या पक्षाने केंद्रातील सत्ता गमावली, नंदुरबारमध्ये मात्र त्याच पक्षाचे माणिकराव गावित पुन्हा निवडून आले.

कायद्यातील अंक बदलला तरी वय सिद्ध करण्याचा प्रश्न उरतोच. जन्माची नोंद झालेली नसेल तेथे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहावी, अशी प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. मतदारयादीसाठी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असताना अशा कागदोपत्री १ जूनला अठरा वर्षांच्या होणाऱ्या तरुणास सात महिने थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख असे चार अर्हता दिनांक झाले, आणि ही प्रतीक्षा एका महिन्यावर आली.

‘प्रौढ’ आणि ‘मतदार’ यांतील भेद मात्र ग्रामसभेत अद्याप जिवंत आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या व्यक्तींची मिळून ग्रामसभा होते. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यातही यादीचीच कसोटी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र गावातील सर्व प्रौढ व्यक्तींची ग्रामसभा मानली आहे. तेथे यादीचा उल्लेख नाही. त्यामुळे अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील अठरा वर्षांची मुलगी, यादीत नाव लागलेले नसतानाही, जंगलजमिनीच्या दाव्यावर मत देऊ शकते. गावच्या विकास आराखड्यावर तिला ते देता येत नाही.