फोटोतला आपला चेहरा परका का वाटतो?

व्हिसाचा फोटो हातात आला की 'हा मी नाहीच' असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. तोच फोटो आईला पाठवा, ती म्हणेल, "छान आलाय की!" ती नुसतं तुमचं मन राखत असते असं समजू नका.

स्वतःचा चेहरा आपण रोज बघतो तो आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेला. आता चेहऱ्याच्या दोन बाजू काही तंतोतंत सारख्या नसतात. भांग एकीकडे, एक भुवई किंचित वर, हसताना ओठांचा एकच कोपरा जास्त ताणलेला. फोटोत हे सगळं बाजू बदलतं. मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली काही जणींना त्यांच्याच फोटोच्या सरळ आणि उलट्या अशा दोन प्रती दाखवल्या. बहुतेकींना आरशातल्यासारखी प्रत आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. ज्याने त्याने आपल्या सवयीचा चेहरा निवडला.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या डॅगेरोटाइप छायाचित्रांत प्रकार उलटा होता. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र थेट उमटायचं, निगेटिव्ह नसायचीच, त्यामुळे ते सहसा आरशासारखं उलटं यायचं. म्हणजे फोटो काढून घेणाऱ्याला ओळखीचा चेहरा मिळायचा, आणि अंगठी मात्र भलत्याच हातात दिसायची!

पण सगळा दोष सवयीचा नाही. दुसरी भानगड अंतराची आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंमी पुढे असतं असं धरू. फोन नाकापासून ३० सेंमीवर असेल, तर कान ४२ सेंमीवर. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठं उमटणार. फोन दीड मीटरवर नेला की हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. लेन्सला उगाच बोल लावला जातो; हा हिशोब निव्वळ अंतराचा आहे. सेल्फी बघून नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्यांनी आधी हा भागाकार करून बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिडिओ कॉलवर तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बऱ्याच ॲपमध्ये कोपऱ्यातल्या चौकटीत तुम्ही स्वतःला उलटे दिसता, पण तिकडे घरच्यांना सरळ. आणि फोन जवळ धरलात की नाक दोघांनाही मोठंच दिसतं! पुढच्या कॉलला फोन हातात न धरता पुस्तकांच्या चवडीला टेकवा आणि दोन पावलं मागे बसा.